दीड फुटाचा मान

माझे सासरे सुब्बाराव यांनी ते एक भाषण केलं नसतं, तर मी जन्मात मातीला हात लावला नसता. साठ सालची गोष्ट. बेंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत ते ‘स्त्रिया आणि हस्तकला’ या विषयावर पाऊण तास बोलले. सुशिक्षित स्त्रियांनी घराबाहेर पडून एखादी कला शिकलीच पाहिजे, हे त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. सभेला शेषगिरी नावाचे एक सरकारी अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. राजाजीनगरात नवीन उघडलेल्या मातीकाम केंद्राचे ते अधीक्षक. केंद्रात स्त्रीसाठी राखून ठेवलेली एक जागा चार महिने रिकामी होती आणि वरून विचारणा होत होती. भाषण संपताच शेषगिरींनी खिशातून फॉर्म काढला आणि सगळ्यांसमोर मामंजींना त्यांच्या घरातल्या सुशिक्षित स्त्रीचं नाव विचारलं. घरात सुशिक्षित स्त्री एकच होती, मॅट्रिक झालेली सून. टाळ्या अजून चालू होत्या. मामंजींनी सही केली.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं, की सरकारनं फारच आग्रह धरला.

आमचं घर चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. आम्ही शहाजीराजांच्या लष्कराबरोबर इकडे आलो, असं मामंजी सांगत, आणि ते अशा थाटात सांगत, की बैलांवरचं सामान अजून उतरवायचं बाकी आहे. तीनशे वर्षांत आमची मराठी निम्मी कानडी झाली होती. सोवळ्याला आम्ही मडी म्हणत असू. पण नाव बदललं तरी सोवळं तसूभर ढिलं झालं नव्हतं. ते सासूबाईंच्या, म्हणजे तुंगाबाईंच्या ताब्यात होतं.

मातीबद्दल सासूबाईंचा सिद्धांत पक्का होता. पितळ, तांबं, चांदी घासली की शुद्ध. माती मात्र पिते. तिच्यात एकदा ज्यानं खाल्लं, त्याचा विटाळ तिच्यात मुरतो आणि कितीही राख लावली तरी निघत नाही. म्हणून घरातले चिनी मातीचे चार कप स्वयंपाकघरात नव्हते. ते ओसरीवरच्या कोनाड्यात पालथे घातलेले असत. विमा कंपनीचा माणूस, मामंजींच्या कचेरीतले ज्यांची जात नक्की माहीत नव्हती असे लोक, आणि ज्यांची नक्की माहीत होती असेही, यांना कॉफी त्या कपांतून. आम्ही घरचे पितळेच्या लोट्यातून पीत असू. कॉफी पिऊन झाली की आलेल्यानं आपला कप आपण विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. लोणच्याच्या बरण्याही चिनी मातीच्याच होत्या, पण त्या आतल्या फळीवर देवांशेजारी बसलेल्या. मी नवी नवरी असताना एकदा त्याबद्दल विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बरणीतून कुणी कॉफी पितं का?”

माझ्या शिक्षणाला त्यांनी तीन अटी घातल्या. केंद्रात कुणाच्या हातचं खायचं नाही. परत आल्यावर न्हाऊनच आत यायचं. आणि तिथं घडवलेलं काही घरी आणायचं नाही. थोडक्यात, मी भांडी करायला शिकावं, फक्त ती कुणी वापरू नयेत. माझे यजमान गुंडूराव यांनी या सगळ्यावर वर्तमानपत्रातून डोकं न काढता ‘सरी’, म्हणजे बरं, एवढंच म्हटलं आणि माझा बसचा पास काढून आणला.

केंद्रात आम्ही दहा जण शिकत होतो. शिकवायला देवाप्पा. सात पिढ्यांचे कुंभार, पन्नाशीचे, कमी बोलणारे. दगडी बैठकीचं मोठं जड चाक काठीनं फिरवून सोडायचं, आणि ते फिरतंय तोवर मातीचा गोळा मध्यावर आणायचा, हे ते आमचे हात आपल्या हातांत धरून शिकवत. सकाळभर त्यांचे ओले हात आमच्या हातांवर असत. बारा वाजता घंटा झाली की आम्ही सगळे हात धुऊन आपापल्या झाडाखाली जात असू. आवारात झाडं आठ होती. प्रत्येकाचं झाड ठरलेलं. दोघे सख्खे चुलतभाऊ होते, ते एका झाडाखाली बसत, तेही पाठीला पाठ लावून. एकानं नाइलाजानं कुंपणाची भिंत धरली होती. शेषगिरीसाहेब कचेरीचं दार आतून लावून जेवत. देवाप्पा भट्टीमागे बसत. कुणी त्यांना ताक दिलं तर ते ओंजळ पुढे करत आणि देणारा वरून धार धरी. ज्या ओंजळीत सकाळभर आमचे हात होते तीच ती ओंजळ. पण हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय, असंही नाही. ते गेर्दामुळे सुचलं.

गेर्दा डेन्मार्कहून आली. सत्तावीस वर्षांची, केंद्राच्या दाराला डोकं लागेल इतकी उंच, पुरुषी पँट घालणारी. तिकडे तिनं मातीकामाची परीक्षा दिलेली होती, पण आपलं काठीचं चाक तिला शिकायचं होतं आणि त्यासाठी कुठलीशी शिष्यवृत्ती घेऊन ती आठ महिन्यांसाठी आली होती. उतरली होती कँटोन्मेंटात, मिसेस हॉगन नावाच्या एका अँग्लो-इंडियन बाईकडे. पहिल्या दिवशी घंटा झाल्यावर तिनं आठ झाडांखालची नऊ तोंडं नऊ दिशांना वळलेली पाहिली आणि तिला वाटलं, आम्ही प्रार्थना करतोय. ती थोडा वेळ मान खाली घालून उभी राहिली. मग मी जेवताना दिसले, तशी ती माझ्या झाडाखाली येऊन बसली.

माझ्या डब्यात चित्रान्न होतं, लिंबू पिळलेला फोडणीचा भात. कुणी समोर बसलेलं असताना न देता खाणं मला जमेना, आणि शिवून देणं शक्य नव्हतं. मी तिला हात पुढे करायला सांगितलं आणि वरून, चांगलं फूटभर अंतर ठेवून, तिच्या तळव्यावर चित्रान्नाचा घास सोडला. तिनं तो खाल्ला, डोळे मिटले आणि मग विचारलं, “वरून का?”

इंग्रजी तिचंही परकं आणि माझंही मॅट्रिकपुरतं. खरं कारण सांगायला पुरेसे शब्द माझ्याकडे होते, पण हिंमत नव्हती. मी म्हटलं, “तो मान असतो. पाहुण्याला वरून द्यायचं, पाऊस पडतो तसं.”

तिनं झोळीतून वही काढून ते लिहून घेतलं.

मग तिनं आपला पाव आणि उकडलेलं अंडं माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, आज माझा उपास आहे. तिनं माझ्या डब्याकडे पाहिलं. मी म्हटलं, या उपासाला फक्त घरचं चालतं. तेही तिनं लिहून घेतलं.

त्या दिवसापासून आम्ही रोज एकत्र बसू लागलो. ती मला माझ्या आयुष्यात मिळालेली पहिली मैत्रीण. त्याआधी मला बहिणी होत्या, चुलतबहिणी होत्या, नणंदा, जावा होत्या, सगळ्या वाट्याला आलेल्या. गेर्दाला मी निवडलं होतं आणि तिनं मला. माझा गोळा मध्यावर येत नसे तेव्हा ती शेजारच्या चाकावरून नुसती मान हलवी, आणि कुठं दाब चुकतोय ते मला कळे. मी तिला वरण-भात हातानं कालवायला शिकवलं. तिनं मला शीळ घालायला शिकवलं, जी मी घरी कधी घातली नाही. ती जाईपर्यंत तरी हे असंच राहावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि ते असंच राहायचं, तर पाऊस, मान, उपास हे सगळं तसंच ठेवणं भाग होतं.

पण एक थाप एकटी राहत नाही, तिला सोबत लागते. गेर्दा आता स्वतःही सगळ्यांना वरून देऊ लागली. पावाचे तुकडे घेऊन ती झाडाझाडाखाली जाई आणि उंच हातानं ते लोकांच्या तळव्यावर सोडी. लोक दचकून हात मागे घेत, कारण वरून दिलं तरी अंड्याचा हात तो अंड्याचाच. मी तिला सांगितलं, त्यांचेही उपास आहेत. तिनं वहीत हिशेब मांडला, की या देशात दहापैकी नऊ माणसं रोज उपास करतात. फक्त देवाप्पा पाव घेत आणि बघता बघता खाऊन टाकत.

एका रविवारी मामंजींनी तिला घरी बोलावलं. परदेशी बाई घरी आली हे गल्लीनं पाहावं, अशी त्यांची इच्छा होती. सासूबाईंनी कॉफी केली आणि मी ती कोनाड्यातल्या कपात ओतून ओसरीवर आणली. गेर्दानं कप हातात घेतला, आम्हा सगळ्यांच्या हातांतले पितळी लोटे पाहिले आणि तिचा चेहरा फुलला.

“माझ्या आईकडेही असंच,” ती म्हणाली. “चिनी मातीची भांडी फक्त पाहुण्यांना. तुम्ही स्वतः मात्र साध्या धातूतून पिता.”

“काय म्हणते?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“कॉफी छान झालीय म्हणते.”

पिऊन झाल्यावर ती कप घेऊन इकडेतिकडे पाहू लागली. मी तिला अंगणातला नळ दाखवला आणि सांगितलं, की पाहुण्यानं आपला कप विसळला, तर त्याचं पुण्य घरच्यांना लागतं. तिनं तो इतका मन लावून विसळला, की बुडाखालचा कारखान्याचा छापसुद्धा बोटानं चोळून काढला. मग माझ्या खुणेनं कोनाड्यात पालथा घातला. सासूबाई दारातून म्हणाल्या, “किती वळणाची आहे. आपल्यातल्या कित्येकींना एवढं कळत नाही.”

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही.

पुढे एकदा गेर्दानं मला सगळ्यांदेखत सांगितलं, की या केंद्रात सगळ्यात मोठा मान देवाप्पांचा, कारण ताकाची धार त्यांना सर्वांत उंचावरून मिळते. गुरूला तशीच मिळायला हवी. कुणीतरी ते कानडीत करून देवाप्पांना सांगितलं. ते इतके हसले, की चाक थांबवावं लागलं. मग हसू ओसरलं आणि त्यांनी चाकावरचा मोडलेला गोळा पुन्हा जमवता जमवता मला हळूच म्हटलं, “अक्का, तिला सांगून टाका. नाहीतर मी मोठा माणूस आहे असं मलाच वाटायला लागेल.”

तरीही मी सांगितलं नाही. सांगावं लागलं ते मंडळामुळे.

गेर्दा जायला महिना उरला तेव्हा मंडळानं तिचं व्याख्यान ठरवलं, ‘परदेशी विदुषीच्या नजरेतून आपली संस्कृती’. अध्यक्ष अर्थातच मामंजी. तिनं लिहिलेला मजकूर इंग्रजी तपासायला मला दिला. सुरेख अक्षर, मध्ये मध्ये चित्रं. एका पानावर तक्ता होता. साधा पाहुणा, नऊ इंच. परदेशी पाहुणा, एक फूट. गुरू, दीड फूट. एकदा दुपारी ती पट्टी घेऊन देवाप्पांच्या ओंजळीशेजारी का उभी होती, ते मला तेव्हा कळलं. खाली लिहिलं होतं, की ही माहिती देणाऱ्या सुनंदाची मी ऋणी आहे.

दोनशे माणसांसमोर ती हे वाचणार होती, आणि त्या दोनशे माणसांना खरं काय ते ठाऊक होतं. माझ्या मैत्रिणीला लोक हसतील आणि तिला ते का हसताहेत हेही कळणार नाही, हे चित्र मला बघवेना.

माती मळण्याच्या ओट्यावर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, “गेर्दा, हे वाचू नकोस.”

“इंग्रजी चुकलंय?”

“इंग्रजी बरोबर आहे. बाकी सगळं चुकलंय.”

मग मी सांगितलं. शिवू नये म्हणून वरून. वरून, कारण मी वरची आणि ती खालची. देवाप्पांना सर्वांत उंचावरून का, तेही. ती मळायची थांबली नाही.

“आणि तो कप?”

“तोही.”

“मी तो विसळला.”

“हो.”

तिनं गोळा उचलून पुन्हा ओट्यावर आपटला. “आणि तुझे उपास?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. बाकीचं सगळं घराचं, जातीचं, तीनशे वर्षांचं होतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारता येत होतं. उपास माझा मी काढला होता. सासूबाईंनी खाऊ नकोस म्हटलं होतं, खोटं बोल असं म्हटलं नव्हतं.

“एकही नव्हता,” मी म्हटलं.

“सात महिने. रोज.”

“रोज.”

तिनं हात पुसले आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती भट्टीमागे, देवाप्पांशेजारी जेवायला बसू लागली. देवाप्पांची बायको यल्लव्वा भाकरी किंवा मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, घेऊन येई आणि तिघं एका परातीत खात. मी माझ्या झाडाखाली बसून त्यांच्या हसण्याचा आवाज ऐकत असे. चाकावर माझा गोळा पुन्हा मध्यावर येईनासा झाला आणि शेजारच्या चाकावरून कुणी मान हलवली नाही. गेर्दा त्या दिवसांत सारखी कप करत होती. बारा कप, निळसर झिलईचे. भट्टी देवाप्पांनी स्वतः लावली.

व्याख्यानाच्या दिवशी, रविवारी दुपारी, सभागृह भरलं. पुढे अध्यक्षांसकट अकरा खुर्च्यांची रांग, मंडळाच्या कार्यकारिणीची. बाजूला सतरंजीवर आम्ही बायका, माझ्या शेजारी सासूबाई. मामंजींनी प्रास्ताविक शहाजीराजांपासून सुरू केलं आणि वीस मिनिटांनी ते गेर्दापर्यंत पोचले.

गेर्दानं वाचायला सुरुवात केली. मला वाटलं होतं तिनं सगळं नव्यानं लिहिलं असेल. तिनं एक ओळही बदललेली नव्हती. पाऊस, मान, नऊ इंच, एक फूट, दीड फूट. चिनी मातीचा कप हा या घरांतला सर्वोच्च सन्मान, जो यजमान स्वतःला कधीच देत नाहीत. कप विसळण्याचं पुण्य. कार्यकारिणीतले एक वकील, प्रतापराव, यांनी तिच्या इंग्रजीचं वाक्यावाक्याला मराठी करून सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

सभागृहात कुणी खोकलंही नाही. तिथल्या प्रत्येकाच्या घरी कोनाडा होता. प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे पाहत होता. बाईंना खरं सांगायचं, तर कुणीतरी उठून ते मोठ्यानं बोलायला हवं होतं, आणि मोठ्यानं बोलायची ती गोष्ट नव्हती. शेवटी मामंजीच उठले. ते म्हणाले, पाश्चात्त्य जगाला जे आज उमगतंय ते आपल्या पूर्वजांना केव्हाच ठाऊक होतं. उंचावरून वाढण्यात अन्नाला श्वास लागत नाही, हे शास्त्र आहे. आणि माती म्हणजे साक्षात भूमाता, तिचं पात्र अतिथीच्याच हाती शोभतं. चित्रान्न खाता खाता मी रचलेली थाप त्यांनी पाच मिनिटांत तीन हजार वर्षांची केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता.

टाळ्या थांबेपर्यंत गेर्दा उभी राहिली. मग म्हणाली, “अध्यक्षांनी दुजोरा दिला, मी आभारी आहे. मी लवकरच जाणार. त्याआधी तुमच्याच रीतीनं मला तुमचा मान करायचा आहे.”

बाजूच्या दारातून देवाप्पा आणि यल्लव्वा आत आले. त्यांच्या हातात टोपली, किटली. गेर्दानं एक खुर्ची ओढून अध्यक्षांच्या शेजारी ठेवली आणि देवाप्पांना तिच्यावर बसवलं, कारण मान गुरूपासून सुरू होतो. पहिला कप त्यांना. दुसरा मामंजींना. मग ओळीनं सगळ्या कार्यकारिणीला. सगळ्यांच्या हातात कप गेल्यावर ती म्हणाली, “कॉफी गुरुपत्नींनी केली आहे.”

प्रतापरावांनी याचं भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती. यल्लव्वा किटली घेऊन समोरच उभी होती.

मामंजींनी कपाकडे पाहिलं. ठेवून द्यावा, तर पाच मिनिटांपूर्वीची तीन हजार वर्षं त्याच्याबरोबर खाली ठेवावी लागणार होती. त्यांनी डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसा पहिला घोट घेतला. अध्यक्षांनी घेतल्यावर बाकीच्यांची सोय राहिली नाही. एकट्या प्रतापरावांनी धीर करून सांगितलं, की आज त्यांचा उपास आहे.

“कॉफीला उपास आड येत नाही,” गेर्दा म्हणाली. “मी वहीत नोंद केली आहे.”

हे बोलताना तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. प्रतापराव प्याले.

“आता पुण्य,” गेर्दा म्हणाली आणि तिनं अंगणातल्या नळाकडे हात केला.

दारातून आम्हाला सगळं दिसत होतं. धोतरं सावरत मंडळाची कार्यकारिणी नळावर रांगेनं उभी होती, हातात एकेक निळा कप घेऊन. देवाप्पाही उठले, पण गुरूचा कप शिष्यानं विसळायचा, म्हणून तो गेर्दानं त्यांच्या हातातून घेतला. मामंजींनी आयुष्यात पहिल्यांदा भांडं विसळलं. सासूबाई मान उंचावून बघत होत्या. मला वाटलं त्या रडतील, किंवा उठून जातील. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “बुडाला साय तशीच आहे, बघ. नुसतं पाणी दाखवतायत.”

कप बाराच होते. बायकांपर्यंत मान पोचला नव्हता, नेहमीप्रमाणे. सभा संपल्यावर गेर्दा देवाप्पा-यल्लव्वांबरोबर निघून गेली. लोकांना तिनं नमवलं होतं, मला मात्र तिनं हिशेबातही धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, केंद्राला सुट्टी होती. मी घरात कुणाला न विचारता कँटोन्मेंटची बस धरली. त्या भागात मी एकटी कधी गेले नव्हते. पत्ता विचारत विचारत मिसेस हॉगनच्या घरी पोचले, तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. टेबलावर निळ्या फुलांच्या चिनी मातीच्या बशा मांडलेल्या होत्या. गेर्दा बसलेली होती. ती उठली नाही.

“काय काम आहे?”

“जेवायला आले.”

तिनं मिसेस हॉगनकडे आणखी एक ताट मागितलं. मिसेस हॉगन वयस्कर, पावडर लावलेल्या, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांनी माझी साडी वरपासून खालपर्यंत पाहिली. कपाटात निळ्या बशांची चळत होती. ती उघड दिसत असतानाही त्या मागच्या दारानं गेल्या आणि पत्र्याची, कडेचा पांढरा रंग उडालेली एक थाळी घेऊन आल्या. बहुधा आयाची असावी. ती त्यांनी टेबलाच्या टोकाला, इतर ताटांपासून हातभर लांब ठेवली.

“ही का?” गेर्दानं विचारलं.

“तिला हीच बरी वाटेल,” मिसेस हॉगन मायेनं म्हणाल्या. “या लोकांना आपल्या भांड्यांची सवय नसते.”

गेर्दा थाळीकडे बघत राहिली. मीही. मग मी तिला, चेहरा अगदी गंभीर ठेवून, सांगितलं, “यांच्यात हा फार मोठा मान असतो. वहीत लिहून घे.”

तिच्या नाकातून आधी नुसता आवाज आला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं कपाळ टेबलावर टेकवलं. मलाही आवरेना. मिसेस हॉगन दुखावल्यासारख्या आत निघून गेल्या. गेर्दानं ती थाळी ओढून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली आणि भांड्यातलं सगळं तिच्यात ओतलं.

“माझा राग अजून गेलेला नाही,” ती डोळे पुसत म्हणाली.

“माहीत आहे.”

“जेव.”

उकडलेले बटाटे होते, वर लोणी होतं, आणि बटाट्यांच्या खाली आणखी काहीतरी होतं. ते काय आहे हे मी विचारलं नाही. मला भूक लागली होती. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी सुरुवात केली. अर्ध्यावर तिनं मला सांगितलं, की मी काटा चुकीचा धरलाय, आणि मी तो ठेवून हातानं खाऊ लागले. थोड्या वेळानं तीही.

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच होत्या.

“कुठं गेली होतीस?”

“गेर्दाकडे. जेवून आले.”

असं वाक्य त्या घरात कुणी बोललं नव्हतं. आत मामंजींच्या वर्तमानपत्राची सळसळ थांबली. कालपासून ते दोनदा न्हाले होते, जानवं बदललं होतं, आणि कुणाशी बोलले नव्हते.

“काय होतं?” सासूबाईंनी विचारलं.

“बटाटे. बाकीचं विचारलं नाही.”

“मीठ?”

“कमी होतं.”

त्यांनी आत, वर्तमानपत्राच्या दिशेनं पाहिलं, मग माझ्याकडे. “हे काल नळावर उभे राहिले,” त्या म्हणाल्या. “आता मी कुणाकुणाला काय म्हणायचं. जा, बंबात पाणी आहे.” मी न्हाणीघराकडे वळले, तशी त्यांनी मागून हाक मारली. “ती जायच्या आधी एकदा जेवायला बोलाव तिला. मीठ कमी खातात म्हणतेस, तर तिचं वरण आधी वेगळं काढावं लागेल.”

“आणि बसवायचं कुठं तिला?” मी विचारलं. “ओसरीवर की आत?”

सासूबाईंनी पदर खोचला आणि पुढे होऊन बंबात एक ढलपी सारली.

“स्वल्प थांब,” त्या म्हणाल्या. “आधी न्हा तरी.”